बडोद्याच्या फाइन आर्ट्सला जायचंय? तांब्यापासून सुरुवात करा

बारावीच्या वर्षात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या एखाद्या तरी मराठी घरात पोर जाहीर करतं, मला फाइन आर्ट्सला जायचंय. घरात लगेच दोन प्रश्न उभे राहतात. पुढं पोट भरेल का, आणि क्लास कुठला लावायचा? पहिल्याचं उत्तर इथं मिळणार नाही. दुसऱ्याचं एवढंच, की क्लास लावा किंवा लावू नका, पण सहा महिने रोज समोरची वस्तू बघून काढा. मोबाइलवरचा फोटो बघून नाही. प्रवेशाच्या वेळी तपासणाऱ्याला चित्राची सफाई हवी नसते. या मुलाला दिसतं का आणि दिसलेलं कागदावर उतरवायला तो किती झगडतो, हे त्याला बघायचं असतं.

असं का, ते जागेच्या इतिहासात आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथं कलाभवन काढलं. तिथं कला आणि कारागिरी एकाच छपराखाली शिकवत, आणि दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९चं, आणि त्याची ललित कला विद्याशाखा, जिला सगळं बडोदं नुसतं 'फाइन आर्ट्स' म्हणतं, १९५०ची. चित्रकला विभाग सुरुवातीला उभा केला तो इंदूरला जन्मलेल्या नारायण श्रीधर बेंद्र्यांनी. शिल्पकलेला शंखो चौधुरी होते, पुढं के. जी. सुब्रमण्यन आले. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून वर्षानुवर्षं हुबेहूब नकला काढायची जुनी पद्धत या लोकांनी बाजूला ठेवली. विद्यार्थ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, आणि लोककलेपासून आधुनिक चित्रापर्यंत सगळं तपासून घ्यावं, असा त्यांचा आग्रह. म्हणून ज्या चित्राला कॉलनीच्या गणपतीतल्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळतं, त्याच चित्राकडे पुष्पबागेत, म्हणजे फाइन आर्ट्सच्या आवारात, कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, असं होऊ शकतं.

पदवी चार वर्षांची, बी.व्ही.ए. (बॅचलर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स). त्यापुढं दोन वर्षांची एम.व्ही.ए., म्हणजे मास्टर्स. फॉर्म, फी, तारखा, अटी हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा, सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका. ऑनलाइन अर्जात फोटोची किंवा सहीची फाइल मर्यादेपेक्षा मोठी निघते आणि शेवटच्या रात्री सगळं अडकतं, म्हणून अर्ज चार दिवस आधीच भरून टाका.

सामान थोडंच घ्या

चोवीस पेन्सिलींचा डबा लागत नाही. एचबी, २बी, ४बी आणि ६बी, प्रत्येकी दोन. पेन्सिल शार्पनरनं नाही, कटरनं सोला: पाऊण इंच लाकूड उतरवून पाव इंच शिसं बाहेर काढा. मग तीच पेन्सिल टोकावर बारीक रेघ देते आणि आडवी धरली की रुंद छटा देते. शार्पनरच्या आखूड टोकाला ही दुसरी गोष्ट जमत नाही, आणि शेडिंग तारांसारखं दिसतं.

खोडरबर एक साधा आणि एक पुट्टी रबर. पुट्टी रबर घासायचा नाही, दाबून उचलायचा. तो गडद भाग फिका करतो आणि कागदाचे धागे उखडत नाही. चारकोलच्या बारीक काड्या घ्या. दाबून बनवलेला चारकोल फार काळा असतो पण पुसला जात नाही, म्हणून पहिले दोन महिने तो दुकानातच राहू द्या.

कागद दोन प्रकारचा. सरावासाठी न्यूजप्रिंट किंवा पाठकोरे कागद, कारण महागड्या कागदावर हात आखडतो. पूर्ण कामासाठी दीडशे जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा कार्ट्रिज पेपर, हाफ इम्पिरियल आकारात, म्हणजे १५ बाय २२ इंच. त्याला पुरेल असा ड्रॉइंग बोर्ड आणि चार क्लिपा. शिवाय खांद्यावरच्या पिशवीत मावेल अशी स्केचबुक. ती मुद्दाम स्वस्त घ्या. भारी बांधणीच्या वहीत माणूस फक्त चांगली चित्रं काढायला बघतो, आणि स्केचबुक नेमकी त्यासाठी नसते.

बोर्ड मांडीवर सपाट ठेवू नका. सपाट बोर्डाकडे आपण तिरपं बघतो, त्यामुळं कागदाचा वरचा भाग डोळ्याला आखूड दिसतो, आणि नकळत आपण तिथं लांबी वाढवतो. चित्र उभं केलं की कपाळ हातभर झालेलं असतं. बोर्डाचं खालचं टोक मांडीवर आणि वरचं टोक खुर्चीच्या पाठीवर टेकवून तो शक्य तितका उभा धरा. उजव्या हातानं काढत असाल तर उजेड डावीकडून घ्या, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली रेघेवर पडत राहते.

तांब्या

घरातला पितळी तांब्या आणि फुलपात्र घ्या. खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवा, मागं एकरंगी चादर सोडा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. खोलीतला दिवा बंद, कारण दोन उजेड म्हणजे दोन सावल्या, आणि त्यात घाट हरवतो. पहिला महिना बाकी काही काढलं नाही तरी चालेल.

तांब्याचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि चूक तिथूनच सुरू होते. डोळ्याच्या पातळीवर धरलेल्या भांड्याचं तोंड सरळ रेघ दिसतं. भांडं जसं खाली न्याल तसं ते लंबवर्तुळ फुगत जातं. म्हणजे स्टुलावरच्या तांब्याचं बूड त्याच्या तोंडापेक्षा जास्त गोलाई दाखवतं, कारण ते डोळ्यापासून आणखी खाली आहे. दहातले नऊ जण बूड सपाट रेघेनं काढतात. तांब्या स्टुलावर सपाट बसलाय, हे डोक्यात असतं ना! मग तोंड वरून पाहिलेलं आणि बूड समोरून पाहिलेलं, असा दोन डोळ्यांनी दोन ठिकाणांहून बघितलेला तांब्या तयार होतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे लंबवर्तुळाची टोकं बदामासारखी टोकदार होणं. वरची कमान वेगळी, खालची वेगळी काढून कडेला जोडली की असं होतं. उपाय असा: पेन्सिल कागदावर न टेकवता हवेत चार-पाच वेळा पूर्ण गोल फिरवा, मनगटातून नाही, खांद्यातून, आणि त्याच लयीत हलकेच टेकवा. मागची बाजू झाकलेली असली तरी लंबवर्तुळ पूर्ण काढा. झाकलेला भाग नंतर पुसता येतो. न काढलेला भाग चुकला हे कळायला मात्र मार्ग नसतो. तिसरी खूण अक्षाची. तांब्याच्या मधोमध उभी रेघ कल्पा. लंबवर्तुळाची आखूड रुंदी नेहमी या रेघेवर येते. तांब्या आडवा पाडला तरी हा नियम सुटत नाही, आणि म्हणूनच आडवा तांब्या काढून बघायचा. त्यात बिंग फुटतं.

माप असं घ्या: हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी. तिचं टोक तांब्याच्या काठाशी लावा, अंगठा बुडाशी. ही झाली उंची. आता तीच पेन्सिल आडवी करून रुंदीशी ताडा. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि माप खोटं होतं. मग मुलं म्हणतात ही पद्धतच चुकीची आहे. पद्धत बरोबर असते, कोपर चुकीचं असतं.

छायाप्रकाशासाठी डोळे मिचकावून बघा. तपशील गळून पडतो आणि तीन पट्ट्या उरतात: उजळ, मधली, गडद. आधी त्या तीन भरा. सगळ्यात काळी जागा कुठं आहे ती शोधा. बहुधा ती तांब्याच्या अंगावर नसते, बुडाखालच्या फटीत असते, जिथं उजेड शिरतच नाही. पितळेवरची चमक रंगवायची नाही, कागद कोरा सोडायचा. चमकेच्या अगदी शेजारी बऱ्यापैकी गडद छटा असते. ती धीटपणे ठेवली की धातू दिसू लागतो, ती राखाडी ठेवली की तांब्या मातीचा होतो. बाहेरून सगळीकडे सारखी जाड काळी रेघ मारू नका. उजळ कडेला रेघ विरते, सावलीच्या कडेला ती मिसळते. सारखी रेघ मारली की वस्तू कागदावर चिकटवलेल्या कात्रणासारखी दिसते.

आणि बोटानं घासणं बंद. बोटाचं तेल कागदात जातं, तिथं शिसं चकाकू लागतं आणि वर दुसरी छटा चढत नाही.

महाराष्ट्रात शिकून आलेल्या मुलांची एक अडचण इथंच सांगायला हवी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी हाताला शिस्त लागते, वेळेत पूर्ण करायची सवय लागते, ही मोठी कमाई आहे. पण त्याबरोबर ठरलेला फुलदाणीचा घाट आणि ठरलेली वांगी-टोमॅटोची मांडणीही हातात बसते. समोर वांगं असतं आणि हात मात्र पाठ केलेलं वांगं काढतो. यावर औषध म्हणजे कंटाळवाण्या, बेढब वस्तू काढणं: पोळपाटाची खालची बाजू, दुमडलेली छत्री, मिक्सरची गुंडाळलेली वायर. त्यांचा पाठ केलेला आकार कोणाकडेच नसतो.

माणूस काढताना

उभा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा. खुर्चीवर बसलेला साडेपाच-सहाच्या आसपास, मांडी घालून बसलेला चारच्या आसपास. हे आकडे ताडून बघायला आहेत, त्यात माणूस कोंबायला नाहीत. डोळे डोक्याच्या उंचीच्या मधोमध येतात. नवशिके ते वर काढतात कारण चेहरा म्हणजे डोळे, नाक, ओठ असं वाटतं आणि केसांखालच्या कवटीचा हिशेब राहून जातो. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत भरतो; स्वतःच्या तोंडावर ठेवून बघा. पाऊल तर डोक्याच्या उंचीपेक्षाही थोडं लांब असतं. भीतीनं सगळे हातपाय बाहुलीचे काढतात, किंवा खिशात आणि गवतात लपवतात. तपासणाऱ्याला हे गवत लगेच ओळखू येतं.

रोजचा सराव असा ठेवा: तीस सेकंदांची दहा रेखाटनं, दोन मिनिटांची पाच, मग वीस मिनिटांचं एक. तीस सेकंदांत नाक-डोळे नाहीत. मणक्याचा वाक, खांद्यांची तिरकी रेघ, कमरेची उलट तिरकी रेघ आणि वजन कुठल्या पायावर आहे, एवढंच. घरात आजी भाजी निवडत बसली की ती तासभर एका जागी असते. यापेक्षा चांगली मॉडेल पैसे देऊन मिळत नाही. नऊवारी असेल तर फारच उत्तम, कारण कासोट्याच्या ताणातून गुडघा आणि मांडी कुठं आहे ते कळतं. कापड काढताना चुण्या मोजू नका. कापड कुठं अडकलंय, कुठून लोंबतंय, कुठं दबलंय, या तीन जागा पकडा. चुण्या त्यांच्यामधूनच निघतात.

अवघड जागा, म्हणजे कमरेवर ठेवलेला हात, काढताना हात काढूच नका. हात आणि अंग यांच्यामधली जी रिकामी त्रिकोणी फट दिसते ती काढा. फटीचा पाठ केलेला आकार डोक्यात नसतो, म्हणून ती बरोबर येते, आणि ती बरोबर आली की हात आपोआप जागेवर बसतो.

कुठं जाऊन बसायचं

या गावाचा फायदा घेतला नाही तर बडोद्यात राहून उपयोग काय? सकाळी खंडेराव मार्केटला जा. भाजीवाल्यांच्या रांगेत बाजूला, वाट न अडवता उभे राहा. आधी पाव किलो काहीतरी विकत घ्या आणि मग परवानगी मागा. अर्धा तास कोणी उठवत नाही, आणि घरी स्टिल लाइफची सोयही होते. गर्दी काढताना एकेक माणूस काढू नका, आधी डोक्यांची रेघ शोधा. तुम्ही उभे असाल तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या तुमच्याच उंचीच्या सगळ्यांचे डोळे, जवळचा असो वा लांबचा, क्षितिजाच्या एकाच आडव्या रेघेवर येतात. लांबच्याचे फक्त पाय वर सरकतात. ही एक गोष्ट कळली की गर्दी जमिनीवर उभी राहते, तोवर ती हवेत तरंगत असते.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. बरगड्यांची कमानींची रांग म्हणजे तांब्याच्या लंबवर्तुळांचा पुढचा धडा. तिथलेच, बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेले जैन कांस्य पुतळे बघा, आणि पाठीमागून, बाजूनं दिसतील तेवढे बघा. चिझम या इंग्रज वास्तुकारानं बांधलेल्या विद्यापीठाच्या घुमटाचे थर रस्त्याच्या पलीकडून काढा: ही लंबवर्तुळं डोळ्याच्या वर आहेत, म्हणून कमानी उलट्या वळतात.

तांबेकर वाड्यातली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं मराठी मुलानं तरी चुकवू नयेत. कृष्णलीला, महाभारत आणि इंग्रज-मराठा लढाईसुद्धा भिंतीवर आहे. तिथं छायाप्रकाशाचा खेळ नाही, दूरचं लहान काढायचं बंधन नाही. सपाट रंगाचे आकार एकमेकांवर रचून गोष्ट सांगितली आहे. त्यातला एक चौकोन घ्या आणि फक्त आकारांची मांडणी काळ्या-पांढऱ्यात उतरवा. त्याच आठवड्यात फतेसिंह संग्रहालयात रवि वर्म्याची चित्रं बघा. रेशमाची चमक तो कशी ठेवतो, हे वर तांब्याबद्दल सांगितलं त्याच नियमानं उलगडेल. मग कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची मोठी भित्तिचित्रं. आत जायची वेळ आधी विचारून ठेवा. तीन जागा, माणूस रंगवायच्या तीन पद्धती. कोणती आवडली आणि का, हे स्केचबुकमध्ये त्याच दिवशी दोन ओळींत लिहा. मुलाखतीत याच ओळी कामी येतात.

बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत रोज पंधरा मिनिटं पुरेत. पण पंधरा दिवस पूर्ण खंड पडला तर हात पुन्हा पाठ केलेल्या आकारांकडे वळतो.

रचना, रंग आणि तीन तास

दिलेल्या विषयावर चित्र करा, असं म्हटलं की 'रेल्वे स्टेशन'साठी शंभर जण समोरून येणारी गाडी आणि कोपऱ्यात हमाल काढतात. पहिली सुचलेली कल्पना बहुतेक सगळ्यांनाच सुचलेली असते. म्हणून तीन-चार इंचांची सहा छोटी रेखाटनं करा, आणि पहिली दोन बाद करा. स्टेशन म्हणजे बाकाखालून दिसणाऱ्या चपला आणि पिशव्याही असू शकतात. प्रत्येक छोट्या रेखाटनात फक्त तीन छटा भरा. एवढ्याशा आकारात जे डोळ्यात भरत नाही, ते मोठ्या कागदावरही भरत नाही.

तीन तास मिळाले तर वीस मिनिटं छोट्या रेखाटनांना, पस्तीस मिनिटं मोठ्या कागदावरच्या मांडणीला, दीड तासाच्या थोडं वर रंगाला, आणि शेवटची अर्धी घटका, म्हणजे बारा मिनिटं, नुसती लांबून बघायला. मध्ये उरलेली वीसेक मिनिटं चुकीसाठी राखीव. घरी घड्याळ लावून अशी किमान आठ चित्रं झालेली असावीत.

पोस्टर कलरची दोन दुखणी. एक, खालचा थर वाळला तरी पाण्यानं पुन्हा सुटतो, म्हणून वरून सारखा ब्रश फिरवला की दोन्ही रंग कालवले जातात आणि चिखल होतो. एका फटकाऱ्यात लावा आणि हात उचला. दोन, रंग जाड लावला तर वाळताना तडकतो, पातळ लावला तर डाग पडतात. ताकासारखा दाटपणा बरोबर. एप्रिल-मेमध्ये बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पॅलेटवरचा रंग दहा मिनिटांत सुकतो. ओल्या फडक्याची घडी पॅलेटखाली ठेवा आणि एकावेळी थोडाच रंग काढा. काळा रंग सावलीत मिसळायची सवय असेल तर महिनाभर काळी बाटली कपाटात ठेवा. सावलीसाठी निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून बघा, कुठल्या बाजूला झुकवायचं ते तुमच्या हातात राहतं.

कुठला विभाग?

रंगात हात चालतो म्हणून चित्रकला आणि कॉम्प्युटर येतो म्हणून उपयोजित कला (जाहिरात, पोस्टर, अक्षरं), असं ठरवू नका. प्रत्येक विभागाचं छोटं काम घरी करून बघता येतं.

शिल्पासाठी चार-पाच किलो शाडू माती आणा आणि फळीवर दीड इंच जाडीचं उठावशिल्प करा, विषय तोच तांब्या आणि वांगी. माती खूप ओली ठेवली तर आकार बसत जातो, सुकू दिली तर भेगा पडतात. हात सोडला की ओलं फडकं टाका. चित्रात जी कड लपवता येते ती इथं लपत नाही, कारण बघणारा बाजूनं येतो.

छापचित्रासाठी लिनोचा, म्हणजे कोरता येणाऱ्या मऊ लिनोलियमचा, तुकडा पुरे. कोरण्याआधी दहा मिनिटं उन्हात ठेवा, मऊ होतो आणि अवजार घसरत नाही. दुसरा हात नेहमी अवजाराच्या मागं. टाके पडतात ते हा नियम मोडणाऱ्यांना. शाई पातळ लावा आणि कागदावर मागून चमच्याच्या पाठीनं घासा. शाई जास्त झाली की बारीक कोरीव रेघा बुजतात. छाप उलटी येते हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पहिल्या छापात सही हमखास उलटी येते. ज्योती भट्ट यांचं काम बघितलं असेल तर इथं मजा वाढते: ते छापचित्रकारही आणि खेड्यापाड्यांतली भिंतीवरची, अंगणातली चित्रं कॅमेऱ्यानं टिपणारेही.

उपयोजित कलेसाठी अक्षरं. कॉम्प्युटरवरचा फॉन्ट आडवा ताणून पोस्टर करू नका. ताणल्यानं उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि अक्षर लुळं पडतं. बोरू किंवा कापलेली आइस्क्रीमची काडी घेऊन 'बडोदा' शंभरदा लिहा. रोमन अक्षरात जाड फटकारा डावीकडून उजवीकडे खाली येतो, देवनागरीत उजवीकडून डावीकडे. इंग्रजी कॅलिग्राफीचं निब घेऊन मराठी लिहिलं की अक्षर परकं का वाटतं, त्याचं कारण हेच.

कला-इतिहासाला चित्र काढता येणं दुय्यम, बघून लिहिता येणं मुख्य. तांबेकर वाड्यातल्या एका चित्रावर एकही विशेषण न वापरता दोन पानं लिहून पाहा.

पोर्टफोलिओ

पंधरा ते वीस कामं. साधारण निम्मी समोर बघून केलेली, त्यात माणूस, वस्तू, जागा तिन्ही, चार-पाच रचना, दोन-तीन ज्या विभागाला जायचं त्यातली. आणि दोन स्केचबुका, पानं न फाडता. फसलेलं पान काढून टाकायचा मोह आवरा. फसलेल्या तांब्याच्या शेजारी सुधारलेला तांब्या असेल तर तेवढ्यात सहा महिने दिसतात. सगळ्यात भक्कम काम पहिलं, दुसऱ्या क्रमांकाचं शेवटी, कच्ची मध्ये. आणि एखादं काम ठेवावं की नाही असा वाद घरात झाला तर ते काढा.

फोटोवरून केलेली चित्रं लपत नाहीत. सावल्या काळ्या खड्ड्यासारख्या होतात कारण कॅमेऱ्याला तिथलं दिसलेलं नसतं, जवळून घेतलेल्या चेहऱ्याचं नाक फुगतं, आणि कडा सगळीकडे सारख्या तीक्ष्ण येतात. चौकटी आखून मोठा केलेला नट-नटीचा चेहरा कितीही हुबेहूब असो, तो पोर्टफोलिओत एक जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही.

लॅमिनेशन नको, फ्रेम नको. चारकोलच्या कामावर फिक्सेटिव्ह (चारकोल झडू नये म्हणून मारायचा फवारा) हातभर अंतरावरून, गच्चीत, दोन पातळ थरांत. जवळून मारलं तर थेंब पडून डाग होतात. हेअर स्प्रे स्वस्त पडतो, पण पुढं कागद पिवळा पडतो. मध्ये बटर पेपर घाला.

ऑनलाइन पाठवायचं असेल तर फोटो सकाळी दहाच्या सुमारास, सावलीतल्या भिंतीवर चित्र टांगून काढा. मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर, भिंतीला समांतर. जवळ जाऊ नका. दोन-तीन पावलं मागं होऊन झूम करा, नाहीतर कागदाच्या कडा फुगतात. पांढरा कागद फोटोत राखाडी येतो, कारण कॅमेरा सगळ्याचा मधला उजेड धरतो. स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा वाढवा. फ्लॅश मारला तर शिसं चकाकतं आणि सगळ्या गडद छटा जातात. फिल्टर लावू नका. मूळ काम समोर आलं की फरक दिसतो.

तोंडी आणि परीक्षेचा दिवस

'मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे', हे वाक्य तपासणाऱ्यानं सकाळपासून तीसदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी स्वतःच्या एका चित्राबद्दल बोला: भाजीवालीमागची ताडपत्री निळी होती, पण ती निळी ठेवली तर साडी बुडत होती, म्हणून तपकिरी केली. असं एक वाक्य बोललात की पुढचा प्रश्न त्याच ताडपत्रीवर येतो, आणि तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीवर बोलायला मिळतं. मराठी, गुजराती, हिंदी, ज्या भाषेत नीट सांगता येतं तीत सांगायची तयारी ठेवा. पाठ केलेलं इंग्रजी दुसऱ्याच वाक्याला अडखळतं.

बोर्ड, क्लिपा, सोललेल्या सहा पेन्सिली, कटर, दोन ब्रश (एक सपाट, एक गोल), रंग, दोन भांडी, फडकं, हे आदल्या रात्री भरा. पाण्याची दोन भांडी कशाला? एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं स्वच्छ पाणी रंगात घालायचं. एकच भांडं असलं की तासाभरात सगळे पिवळे हिरवट होतात. आणि बोर्ड मावेल एवढी मोठी प्लास्टिकची पिशवी. जूनमध्ये पहिला पाऊस नेमका काळा घोडा चौकाजवळ गाठतो, आणि भिजून फुगलेला कार्ट्रिज पेपर वाळला तरी सपाट होत नाही.